कापड उन्हात वाळू द्या

(अहिल्यानगर जिल्ह्यातील महिला बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यात एका कार्यकर्त्या भगिनीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. भाषण घरातील स्त्री-पुरुष सर्वांनी वाचावे, अशी त्यांची विनंती आहे.)



आजच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायची होती तेव्हा संयोजकांपुढे एक अडचण उभी राहिली. विषय ठरला होता, परंतु तो पत्रिकेवर कसा छापावा हे कोणाला सुचेना. पत्रिका घरोघरी जाणार, देवळाच्या फळ्यावर लागणार, दुकानात टांगली जाणार. अखेर 'महिला आरोग्य : एक चिंतन' असे छापून सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः या कामाला लागले तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत माझ्याही तोंडून तो शब्द सहज निघत नसे. आज मात्र तो शब्द स्पष्ट उच्चारून सुरुवात करते. आपला विषय आहे मासिक पाळी आणि त्या चार-पाच दिवसांत गरीब घरातील मुलीला लागणारे स्वच्छ कापड. मागच्या रांगेतील दोन-तीन बंधू उठण्याच्या तयारीत दिसतात. त्यांना माझी नम्र विनंती आहे की त्यांनी बसावे. आज जे सांगायचे आहे त्यातील निम्मे त्यांच्यासाठीच आहे.

चौंडीचा वारसा

आपला जिल्हा ही पुण्यश्लोक अहिल्यादेवींची जन्मभूमी. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. २०२५ मध्ये आपण त्यांची त्रिशताब्दी साजरी केली आणि त्यापूर्वीच, २०२४ मध्ये, जिल्ह्याने त्यांचे नाव धारण केले. अहिल्यादेवींचे घाट, मंदिरे आणि बारवा आपल्याला ठाऊक आहेत. त्यांनी महेश्वरला विणकर आणून वसवले आणि एका नगरीला हातमागाचे वैभव दिले, याची आठवण मात्र त्या मानाने कमी निघते. लोकांच्या हाताला काम मिळावे आणि अंगाला चांगले कापड मिळावे, ही राज्यकर्त्याची जबाबदारी त्यांनी मानली. आजचा विषयही हाताच्या कामाचा आणि कापडाचाच आहे.

योगायोग असा की, त्यांच्या जयंतीच्या तीन दिवस आधी, २८ मे रोजी, जगभर मासिक पाळी स्वच्छता दिन पाळला जातो. २०१४ पासून ही प्रथा पडली. अठ्ठावीस दिवसांचे चक्र आणि पाच दिवसांची पाळी, म्हणून पाचव्या महिन्याची अठ्ठावीस तारीख. ज्या जिल्ह्याने एका कर्तृत्ववान स्त्रीचे नाव घेतले, त्या जिल्ह्यातील एखादी मुलगी दर महिन्याला चार दिवस शाळेतून घरी राहते आणि त्याचे कारण कापड नसणे हे असते, ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे.

एका जिल्ह्याचे दोन चेहरे

आपल्या जिल्ह्याला दोन चेहरे आहेत. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे पाटपाणी, उसाचे मळे आणि साखर कारखाने. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला घातला गेला आणि १९५० मध्ये तेथे गाळप सुरू झाले. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हा अवर्षणाचा टापू. दिवाळीच्या आगेमागे येथील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. पहाटे अंधारात फडात उतरायचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या आणि रात्री पाचटाच्या कोपीत पाठ टेकायची. एक दिवस काम बुडाले की खाडा आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांना यातून सूट नसते. फडावर शौचालय नाही, आडोसा नाही, कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही.

याचा शेवट कुठे होतो, हे २०१९ मध्ये सर्वांना समजले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली आणि त्यांतील १३,८०० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागे अनेक कारणे आहेत. लहान वयातील लग्ने आहेत, अंगावर काढलेली दुखणी आहेत, कर्करोगाची भीती आहे, त्या भीतीवर चालणारा धंदा आहे आणि खाड्याचा धाकही आहे. एकट्या कापडावर या साऱ्याचे खापर फोडता येणार नाही. परंतु पाळी ही एक कटकट आहे, ती कायमची गेली तर बरे, असे तिशीतल्या बाईला वाटू लागते तेव्हा आपल्या समाजव्यवस्थेत कोठेतरी मोठे छिद्र पडलेले असते.

आमची पहिली चूक

आम्ही कामाला लागलो तेव्हा आमच्याजवळ उत्साह पुष्कळ होता आणि समज थोडी होती. देणग्या गोळा केल्या. ठोक बाजारातून पॅडची पुडकी आणली. एका गावात व्यासपीठ घातले, पाहुणे बोलावले, नावे पुकारून मुलींना पुडकी दिली आणि छायाचित्रे काढली. मुली माना खाली घालून आल्या आणि माना खाली घालून गेल्या. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा एका मुलीने विचारले, "ताई, ती पुडकी संपली. आता पुढं?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर हिशेब मांडला. आठ पॅडचे पुडके तीस-चाळीस रुपयांना पडते. महिन्याला दोन पुडकी लागतात. घरात आई आणि दोन मुली असतील तर महिन्याचे दोनशे रुपये आणि वर्षाचे अडीच हजार. ज्या घरात मीठ-मिरचीचा हिशेब आठवड्याच्या बाजारावर चालतो, तेथे हा खर्च पहिल्यांदा आईचा कापला जातो, मग थोरलीचा, मग धाकटीचा.

सरकारी पातळीवर प्रयत्न झाले आहेत आणि त्यांची नोंद घेतलीच पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. देशभरातील स्त्रियांनी आवाज उठवला आणि २०१८ च्या जुलैमध्ये तो रद्द झाला. त्याच वर्षी ८ मार्चला महाराष्ट्रात 'अस्मिता' योजना सुरू झाली. तिच्यात जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पुडके पाच रुपयांना द्यायचे आणि विक्रीचे काम बचत गटांनी करायचे, अशी रचना होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने जनऔषधी केंद्रांतील 'सुविधा' पॅडची किंमत एका रुपयावर आणली. पुढच्याच वर्षी लाल किल्ल्यावरून स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात पंतप्रधानांनी या पॅडचा उल्लेख केला. पत्रिकेवर जो शब्द छापताना आपण अडखळतो, त्याचा विषय लाल किल्ल्यावरून मांडला गेला, हे लक्षात घ्या.

परंतु जनऔषधी केंद्र बहुधा तालुक्याच्या गावी. वाडीवरच्या मुलीला तेथवर जाण्याचे एसटीचे भाडेच पॅडच्या किमतीहून अधिक. शिवाय वापरलेल्या पॅडचे काय करायचे? त्याच्या खालच्या थरात प्लास्टिक असते आणि आत ओल शोषणारी रासायनिक भुकटी. शहरात निदान घंटागाडी येते. वाडीवर ते पॅड ओढ्यात जाते, उकिरड्यात जाते, नाहीतर चुलीत जाऊन धूर करते. तेव्हा मनात आले की, जे कापड आपल्या आज्या-पणज्यांनी वापरले, तेच अधिक शास्त्रीय रीतीने शिवता येईल काय?

शिवण्याचे शास्त्र

अशी वाट शोधणारे आपण पहिले नाही. कोइमतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम यांनी पत्नीसाठी स्वस्त पॅड करण्याच्या ध्यासापायी लोकांची टिंगल सोसली, घर दुरावले, पण स्वस्तातील यंत्र तयार करून ते बचत गटांच्या हाती दिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे पॅड एकदाच वापरायचे असते. दिल्लीच्या 'गूंज' संस्थेने शहरातील जुने सुती कपडे धुऊन, निवडून त्यांची पाळीसाठी पॅड शिवण्याचे काम उभे केले. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तमिळनाडूतील ऑरोव्हिलच्या परिसरात स्त्रिया धुऊन पुन्हा वापरण्याची पॅड शिवतात आणि ती परदेशातही जातात. २०२१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने पुन्हा वापरता येणाऱ्या पॅडसाठी स्वतंत्र मानक ठरवले. म्हणजे कापडी पॅड ही मागासलेपणाची खूण राहिलेली नाही.

ज्या भगिनींना शिवणयंत्र चालवता येते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॅडचे तीन भाग. अंगाला लागणारा वरचा थर मऊ सुती कापडाचा. मध्ये ओल शोषणारे सुती फ्लॅनेलचे किंवा टर्किश टॉवेलच्या जातीच्या कापडाचे थर. खाली ओल बाहेर येऊ न देणारा थर, म्हणजे एका बाजूने पातळ जलरोधक पापुद्रा चिकटवलेले कापड. दोन्ही बाजूंना पंख आणि पंखांना टिचबटण. पहिल्या खेपेला आम्ही तीन चुका केल्या. कापड न भिजवता कापले, त्यामुळे पहिल्या धुण्यात वरचा थर आटला आणि पॅड होडीसारखे वाकले. बटणे स्वस्तातील घेतली, ती गंजली. खालच्या थराला मधोमध टीप मारली, त्या भोकांतून ओल बाहेर आली. आता कापड आधी भिजवून, खळ काढून, वाळवूनच कापतो. बटणे न गंजणारी घेतो. जलरोधक थराला फक्त कडेने शिवण घालतो.

वापराचे नियमही सोपे आहेत. चार ते सहा तासांनी बदलावे. वापरलेले पॅड आधी गार पाण्यात भिजत घालावे, कारण गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग साबणाने चोळून, स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळावे आणि कडक उन्हात पूर्ण कोरडे करावे. कोरडे झाल्यावरच स्वच्छ पिशवीत ठेवावे. ओलसर पॅड कधीही वापरू नये. खाज, वेगळा वास किंवा पुरळ आली तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

खर्चाचे म्हणाल, तर सहा पॅडच्या संचाला शिलाईसह तीनशे रुपये धरा. तीन जणींचे नऊशे. नीट निगा राखली तर संच दोन-तीन वर्षे चालतो. बाजारच्या पॅडचे दोन वर्षांचे पाच हजार एकीकडे आणि हे नऊशे एकीकडे. त्यातही शिलाईची मजुरी गावातच राहते. आम्ही संच फुकट देत नाही. हप्त्याने देतो, बचत गटातून देतो, पण किंमत घेतो. विकत घेतलेली वस्तू बाई हक्काने मागते आणि तिच्यात खोट असेल तर तोंडावर सांगते. फुकट वाटलेल्या वस्तूची तक्रार कोणी करत नाही.

"ताई, हे वाळत कुठं घालायचं?"

इतके सारे जमले आणि मग खरा प्रश्न समोर आला. पाथर्डी तालुक्यातील एका वाडीवर आमचा वर्ग होता. मी पॅड कसे धुवायचे ते दाखवत होते. उन्हात वाळवण्याचे महत्त्व सांगत होते. नववीतील एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, हे वाळत कुठं घालायचं?" मी म्हटले, "दोरीवर, अंगणात." सगळ्या मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. हसणे थांबल्यावर ती पुन्हा म्हणाली, "अंगणात दादा असतो, आबा असतात. आई तर न्हाणीत पत्र्यामागं वाळवती."

त्या क्षणी आम्हाला आमच्या कामाचा उलगडा झाला. पिढ्यान्‌पिढ्या आपण कापडाला दोष देत आलो. आजही सर्वेक्षणे कापडाला दोषच देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांना विचारतात की, पाळीत काय वापरता. २०१५-१६ मध्ये 'स्वच्छ साधने' वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ७७ टक्क्यांच्या वर गेले, ग्रामीण भागात ७२ टक्क्यांच्या वर आणि शहरात जवळजवळ ९० टक्के. ही प्रगती आनंदाची आहे. पण त्याच सर्वेक्षणात जवळजवळ निम्म्या मुली कापडही वापरतात असे दिसते आणि साधे कापड 'स्वच्छ साधनां'च्या रकान्यात धरले जात नाही. ते कोणी कडक उन्हात वाळवले की अंधाऱ्या न्हाणीत, हे त्या रकान्यात उमटत नाही. खरा फरक तर तेथेच पडतो. उन्हात वाळलेले सुती कापड निर्मळ असते. पत्र्यामागे, गादीखाली, दुसऱ्या कपड्याच्या आड वाळलेले कापड दमट राहते आणि दमट कापडात रोग वाढतो. दोष कापडाचा थोडा आहे, ते लपवण्याचा फार आहे.

त्या वाडीवरील एका आजींशी मी यावर बोलले. त्या म्हणाल्या, "आमची फडकी गोठ्यात वाळायची, कडब्याच्या गंजीमागं. पावसाळ्यात तर वाळायचीच न्हाईत. तशीच घ्यायची." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. जन्मभर ओले कापड नेसून उसाच्या, बाजरीच्या रानात राबलेली ती बाई. "कुणाला सांगावं असं कधी वाटलंच न्हाई बघ," असे म्हणून त्या गप्प बसल्या.

विटाळ कोणाचा?

येथे आपल्या परंपरेचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. बाहेरची बसणे, कावळा शिवणे, हात न लावणे, लोणच्याच्या बरणीजवळ न जाणे, हे सारे आपल्या घरांत होते आणि काही घरांत आजही आहे. काहीजण म्हणतात, तो विश्रांतीचा नियम होता. असेलही. राबणाऱ्या बाईला चार दिवस विसावा मिळाला असेल तर तो चांगलाच. पण बाजूला बसवलेल्या त्याच बाईला गोठ्यातले शेण काढायला, शेतात खुरपायला चालत होते, हेही आपण पाहिले आहे. विसावा द्यायचा असेल तर तो मानाने द्यावा.

आपल्याच परंपरेत दुसरा सूरही आहे. मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवून तिचे कौतुक करण्याची रीत महाराष्ट्रात होती. आसामात कामाख्या देवीच्या ऋतुकाळाचा अंबुबाची मेळा भरतो, ओडिशात रज पर्वात भूमीच्या ऋतुकाळाचा सण होतो आणि तेथे मुली झोके घेतात. जी भूमीला पवित्र, देवीला पवित्र, ती गोष्ट आपल्या लेकीला अपवित्र कशी? गोदावरीच्या या खोऱ्यात वावरलेल्या चक्रधरस्वामींनी सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी पाळीचा विटाळ मानू नये, तो शरीराचा एक स्वाभाविक धर्म आहे, असे आपल्या शिष्यांना सांगितले. संत चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी आपल्या अभंगात विचारले की, देहाचा विटाळ मानायचा तर विटाळावाचून जन्मलेला देह दाखवा. ज्या समाजात एक स्त्री इतक्या धीटपणे हा प्रश्न विचारू शकली, त्याच समाजातील आपण तिच्या लेकींना पत्र्यामागे कापड वाळवायला लावतो. समरसतेचा विचार आपण वस्तीवस्तीत नेतो. तो आपल्या न्हाणीघरापर्यंतही पोहोचला पाहिजे.

दोरी बांधणारे हात

आम्ही आमच्या कामाची रचना बदलली. पॅडचे कापड गडद, फुलाफुलांच्या छापाचे निवडले. दोरीवर टांगले तर ते रुमालासारखे दिसते. ही तडजोड आहे, हे मला मान्य आहे. पण मुलीला उद्यापासून ऊन मिळते, समाज बदलेपर्यंत तिने थांबायचे कशाला? दुसरे असे की, मुलींचा वर्ग घेण्याआधी आम्ही सासवांचा आणि आयांचा वर्ग घेऊ लागलो. घरातील दोरीवर अधिकार त्यांचा असतो. आणि तिसरे, पुरुषांशी बोलू लागलो.

ज्या आजींबद्दल मी सांगितले, त्यांच्याकडे तीन-चार महिन्यांनी पुन्हा गेले. अंगणात निंबाच्या झाडापासून ओसरीच्या खांबापर्यंत नवी दोरी बांधलेली दिसली. तीवर परकर, टॉवेल आणि त्यांच्या शेजारी चार फुलाफुलांची पॅड. आजींनीच नातीसाठी दोरी बांधून घेतली होती. बांधली कोणी, असे विचारले तर म्हणाल्या, "तिच्या बापानं. मी म्हणलं, पोरीच्या अंगाला ओलं लागतंय, तू दोरी बांध. बांधली गपचिप." बंधूंनो, मघाशी म्हटले त्यातील तुमचा वाटा हाच. भाषण करावे लागत नाही, वर्गणी द्यावी लागत नाही. एक दोरी उन्हात बांधायची आणि तीवर काय वाळते आहे याबद्दल चकार शब्द न काढता शेजारी आपला सदरा वाळत घालायचा.

मर्यादांचे भान

कार्यकर्त्याने आपल्या साधनाच्या प्रेमात पडू नये. कापडी पॅडला पाणी, साबण, ऊन आणि आडोसा लागतो. यातील एक जरी नसेल तरी ते मुलीवर लादू नये. फडावरील कोपीत राहणाऱ्या बाईला पिण्याचे पाणी लांबून आणावे लागते. तिला हंगामाचे पाच-सहा महिने एकदा वापरून टाकायचे पॅडच सोयीचे पडेल आणि ते स्वस्तात तेथे पोहोचवणे आपले काम. गावी परतल्यावर ती कापडी संच वापरील. शाळेत जाणारी मुलगी दिवसा एक आणि रात्री दुसरे वापरील. निवड तिची असावी. स्कॉटलंडसारख्या संपन्न देशानेही २०२० मध्ये कायदा संमत करून पाळीची साधने सर्वांना मोफत देण्याची जबाबदारी घेतली, कारण तेथेही गरीब घरांतील मुलींची हीच अडचण होती. तेव्हा सरकारकडे मागणे हे कमीपणाचे नाही. फडावर फिरते शौचालय, शाळेत कडी असलेले स्वच्छतागृह आणि त्यात पाणी, ही मागणी आपण कारखान्यांकडे, ग्रामपंचायतीकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे लावून धरली पाहिजे.

आणि हे काम बाहेरून येऊन कोणी करणार नाही. आपल्याच जामखेडला १९७० मध्ये काम सुरू करणाऱ्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने गावातील निरक्षर, गरीब स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्या स्त्रियांनी गावांचे आरोग्य पालटले, जगभरचे अभ्यासक ते पाहायला आले आणि १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळा पाहिली नाही, पण देशी बियाण्यांची पेढी उभी केली आणि त्यांना पद्मश्री लाभली. गावातील बाईच्या हाती ज्ञान आले की ते उंबऱ्याउंबऱ्याने पसरते, हे आपल्या जिल्ह्याने सिद्ध केले आहे.

म्हणून आज जाताना तीन गोष्टी मनाशी घ्याव्यात. ज्या गटात शिवणयंत्र आहे त्याने येत्या महिन्यात सहा पॅडचा एक संच शिवून स्वतःच वापरून पाहावा. ज्या भगिनी शिक्षिका आहेत त्यांनी आपल्या शाळेच्या स्वच्छतागृहाची कडी आणि नळ उद्याच तपासावा. आणि प्रत्येक घराने, ते शहरातील सदनिका असो की वाडीवरचे छप्पर, आपल्या दोरीकडे एकदा पाहावे. घरातील लेकीसुनांचे कापड त्या दोरीवर, सर्वांच्या कपड्यांच्या रांगेत, उन्हात वाळते काय?

त्या नववीतील मुलीचा प्रश्न मी आपल्याकडे सोपवते. "हे वाळत कुठं घालायचं?" तिला उत्तर द्यायला मला पुन्हा त्या वाडीवर जायचे आहे. ते उत्तर आपल्या प्रत्येकाच्या अंगणातून यावे, एवढीच विनंती करते आणि थांबते.